खाऱ्या हवेत पडून राहिलेला टंबलर पुन्हा चालता करताना

दगड घोळवून गुळगुळीत करणारं यंत्र, म्हणजे टंबलर, पंपासारखं नसतं. पंप तासभर चालतो आणि थांबतो. टंबलर एकदा लावला की आठवडाभर रात्रंदिवस, कोणाचं लक्ष नसताना फिरत राहायला हवा. असे चार-पाच आठवडे गेले की दगडांचा एक घाणा तयार होतो. म्हणून जुना टंबलर दुरुस्त करताना प्रत्येक भागापाशी एकच गोष्ट विचारायची: हा आठवडाभर न थांबता फिरेल का? रंग उडालेला असू दे, पत्र्याला पोचे असू देत, त्याने काही अडत नाही. अडतं ते बुशातल्या, म्हणजे फिरता दांडा (शाफ्ट) ज्यात बसतो त्या कड्यातल्या, बारीक खुळखुळीने, मोटारीने धरलेल्या ओलीने आणि झाकणाच्या खाचेत दडून बसलेल्या एखाद्या खरखरीत कणाने.

आपल्याकडे अशी यंत्रं येतात ती बहुधा परदेशातून परतलेल्या नातेवाइकाच्या सामानातून, नाहीतर बंद पडलेल्या दागिन्यांच्या कारखान्यातून. मग ती माळ्यावर किंवा पंपाच्या खोपीत वर्षानुवर्षं पडून राहतात. रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धन, कुठेही किनाऱ्यालगत घर असेल तर त्या काळात लोखंडावर मिठाचा न दिसणारा थर बसतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. कोकणात वर्षातला मोठा काळ हवा ह्याहून दमट असते. म्हणजे कोरडं दिसणारं लोखंडही खाऱ्या पाण्यात भिजत पडल्यासारखंच असतं. त्यावर नुसतं तेल फासलं तर मीठ तेलाखाली राहतं आणि गंज आतून चालूच राहतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी गोड्या पाण्याने धुणं, मग पूर्ण वाळवणं, मग तेल. हा क्रम कुठेही मोडायचा नाही.

काम काढावं दसऱ्यानंतर आणि आटपावं शिमग्याच्या आत. पावसाळ्यात घासलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं आणि रंगही नीट वाळत नाही.

उघडण्याआधी

प्लग काढलेला असताना यंत्र हाताने फिरवून बघा. दगड भरायचा ड्रम उचलून बाजूला ठेवा आणि तो ज्यांच्यावर पडून फिरतो ते दोन्ही शाफ्ट बोटांनी फिरवा. फिरत असतील तर टोक धरून वरखाली हलवा. टकटक जाणवली तर बुश झिजलेत. फिरतच नसतील तर जोर लावू नका, बुशात गाळ सुकून घट्ट झालेला असू शकतो. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा: पट्टा कुठल्या खाचेतून गेलाय, वॉशर कोणत्या बाजूला किती आहेत, मोटारीच्या वायरी कुठे जोडल्यात. मोटारीवरची पाटी ओल्या फडक्याने पुसून तिचा फोटो वेगळा घ्या, तो पुढे लागणार आहे.

मग मोटार खोला. पाणी लागायच्या आत ती यंत्रापासून लांब गेली पाहिजे. मोटारीला कपॅसिटर असेल तर त्याची दोन टोकं जुना तारेचा बल्ब लावलेल्या होल्डरने जोडून आधी रिकामा करा. प्लग काढलेला असला तरी त्यात दम राहू शकतो.

सुकलेला गाळ

फ्रेमवर, शाफ्टच्या टोकांशी आणि ड्रमच्या तळाला करड्या रंगाची कडक खपली दिसेल. ती दगडाची पूड आणि ग्रिट. ग्रिट म्हणजे दगड घासायला ड्रममध्ये घालायची सिलिकॉन कार्बाइडची पूड, कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल बसणाऱ्या मोजक्या पदार्थांपैकी एक. ह्या खपलीला तेल लावलं की तेल आणि ग्रिटची मिळून लॅपिंग पेस्ट, म्हणजे धातू घासणारा लेप, होते आणि पहिल्याच फेऱ्यात ती बुशात शिरते. पाच रुपयांच्या तेलात शाफ्ट कायमचा खाल्ला जातो.

ही खपली कोरडी खरवडायचीही नाही. अकीक, जास्पर, गारगोटी हे सगळे सिलिकाचे दगड. त्यांची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा जुना आणि नोंद असलेला आजार आहे. म्हणून आधी स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून खपली भिजू द्या, तासाभराने लाकडी पट्टीने काढा, आणि तरीही एन-९५ मास्क लावा. ब्लोअर मारून धूळ उडवायचा मोह आवरा.

शेवटचं धुणं गोड्या पाण्याने व्हायला हवं. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठच लावणं. नळाचं पाणी नसेल तर पागोळीचं साठवलेलं पाणी चालेल.

निघालेला गाळ न्हाणीच्या मोरीत सोडू नका, पाइपच्या वळणात तो दगडासारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी ओता, खालचा लगदा ओलाच पिशवीत भरून विहिरीपासून लांब पुरा.

ड्रम

यंत्रातला सगळ्यात मोलाचा भाग हा. मोटार, बेअरिंग, पट्टा सगळं तालुक्याच्या गावात मिळतं. मूळ मापाचा रबरी ड्रम मिळत नाही. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, थिनर ह्यांतलं काहीही रबराला लावू नका. रबर फुगतं आणि मग झाकण बसत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि काथ्याची शेंडी पुरेशी. गाळ आतून सिमेंटसारखा बसला असेल तर ड्रम पाण्याने भरून दोन-तीन दिवस ठेवा आणि बाहेरून तळहाताने दाबत राहा. रबर वाकतं, गाळ वाकत नाही, तो तडकून सुटतो. टोकदार हत्यार आत घालायचं नाही.

झाकणाची खाच ही खरी परीक्षा. जुना दात घासायचा ब्रश, नंतर बांबूची काडी, नंतर पाण्याची धार. ८० नंबरच्या ग्रिटचा एक कण मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागाएवढा असतो, आणि शेवटच्या, पॉलिशच्या टप्प्यात असे चार कण सापडले तरी महिन्याच्या मेहनतीवर ओरखडे येतात. हाताने धुऊन समाधान झालं तरी ड्रम स्वच्छ झाला असं समजू नका. यंत्र चालू झाल्यावर त्यात फरशीचे तुटके तुकडे, पाणी आणि साबण घालून काही तास फिरवा, पाणी फेका आणि पुन्हा फिरवा. काढलेलं पाणी पांढऱ्या बशीत घेऊन बोटाने चोळलं तर खरखर लागता कामा नये. मी तर पॉलिशसाठी वेगळाच ड्रम ठेवावा ह्या मताचा आहे.

गळती बघायला ड्रम पाण्याने भरून झाकण घट्ट करा आणि वर्तमानपत्रावर रात्रभर आडवा ठेवा. कागदावर डाग कुठे पडतो त्यावरून दोष झाकणाचा की अंगाचा ते कळतं. झाकणाच्या कडेला बारीक चिरा असतील तर जाड रबरी शीटची गोल चकती कापून वॉशर घालता येतो. ड्रमलाच भेग असेल तर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ थोडे दिवस टिकतं, पण ते आतून लावू नये. घासून घासून सुटतं आणि दगडांत मिसळतं. ड्रम अगदीच गेला असेल तर १६० मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप, एका टोकाला कायमची चिकटवलेली टोपी, दुसऱ्या टोकाला घट्ट बसणारी रबरी टोपी, आणि आत ट्रकच्या ट्यूबचं अस्तर. पीव्हीसीची खडखड रबरापेक्षा बरीच जास्त, एवढं गृहीत धरा.

गंज

शाफ्ट, पुली, नटबोल्ट, फ्रेमचे सुटे भाग ह्यांच्यासाठी किराणा दुकानातलं लिंबूफूल उत्तम. लिटरभर गोड्या पाण्यात ५० ते ८० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. दर दोन तासांनी बघा. गंज काळपट मऊ झाला की काथ्याने निघतो. रात्रभराहून जास्त ठेवलं तर आम्ल चांगलं लोखंडही खायला लागतं. बाहेर काढल्यावर धुवा, चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळा, पुन्हा धुवा, आणि लगेच उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली धरा. इथे पाच मिनिटं चहाला गेलात की पिवळसर झाक येते. हाताला गरम लागेल इतकं तापलं की तेलाचं फडकं फिरवा.

चिंच किंवा आमसुलं वापरावीत का, असं हमखास विचारलं जातं. चिंचेने हळूहळू काम होतं. पण कोकमाचं आगळ अजिबात नको, कारण ते टिकावं म्हणून त्यात मीठ घातलेलं असतं. पितळेचं तबक उजळायला ते ठीक, यंत्राच्या शाफ्टला नाही. संडास साफ करायचं ॲसिड त्याहून वाईट: ते हायड्रोक्लोरिक आम्ल, गंज झटक्यात काढतं आणि त्याच्या वाफेने खोलीतली बाकीची हत्यारंही गंजतात.

ॲल्युमिनियमची पुली, गनमेटलचे बुश आणि जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट लिंबूफुलाच्या पाण्यात घालू नका. सरक्लिप आणि स्प्लिट पिन तर नवीनच आणा.

पुलीचा ग्रब स्क्रू, म्हणजे तिला शाफ्टवर धरून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू, अडला की बहुतेकांचा धीर सुटतो. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी एलन की बसवून तिच्या टोकावर लहान हातोडीने हलके ठोके द्या आणि मग फिरवून बघा. नाही सुटला तर फक्त पुली गरम करा, शाफ्ट नाही. पण त्याआधी तेल पूर्ण पुसा आणि काम मोकळ्या हवेत करा, कारण हे तेल पेट घेतं. शाफ्टच्या टोकावर लोखंडी हातोडी मारली की टोक फुलतं आणि मग ते बुशातून बाहेरच येत नाही. मध्ये लाकडाचा ठोकळा धरायचा.

शाफ्ट, बुश, बेअरिंग

शाफ्टवर बुशाच्या जागी नख फिरवा. पायरी लागली तर झीज झालीय. व्हर्नियरने झिजलेली आणि न झिजलेली जागा मोजा आणि तो फरक टर्नरला सांगा. मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीच्या आसपास लेथवाले आहेत, आणि बंदराजवळचे फिटर खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या यंत्रांवर रोज काम करतात. गंजलेला शाफ्ट बघून ते दचकत नाहीत. नवा शाफ्ट करायचाच असेल तर स्टेनलेसचा करा. मात्र ३०४ दर्जाच्या स्टेनलेसवरही खाऱ्या हवेत चहाच्या रंगाचे डाग पडतात, ते वरवरचे असतात. ३१६ जास्त टिकतं आणि महागही पडतं.

लहान टंबलरमध्ये बहुधा तेल मुरवलेले पितळी बुश असतात. त्यांच्या अंगातच बारीक छिद्रं असतात आणि त्यात तेल साठतं. आतून पॉलिश पेपर मारला की छिद्रं बुजतात. ग्रीस भरलं तरी तेच. बुश पुसून कोमट तेलात तासभर बुडवून ठेवा, २० किंवा ३० नंबरचं साधं मशीन ऑइल चालेल. खोबरेल घरात असतं म्हणून तेच घालणारे खूप आहेत. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि काही महिन्यांत चिकट होतं. डोक्याला लावा, बुशाला नको. नायलॉनचे बुश असतील तर तेलाचीही फारशी गरज नसते, ते स्वच्छ ठेवले की झालं.

बेअरिंग असतील तर जुनी धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका. बाजूच्या पट्टीवर नंबर असतो: ६२०१ म्हणजे १२ मिलिमीटरचा शाफ्ट, ६२०२ म्हणजे १५, ६२०३ म्हणजे १७. पहिले दोन नंबर छताच्या पंख्यातही लागतात, त्यामुळे कुठेही मिळतात. दुकानदार ‘झेडझेड’ पुढे करेल, त्याला पत्र्याच्या चकत्या असतात. तुम्ही ‘टूआरएस’ मागा. त्याला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं आणि ग्रिटचं पाणी आत शिरत नाही. ह्या एका बदलाने यंत्राचं आयुष्य जितकं वाढतं तितकं रंगाच्या तीन हातांनी वाढत नाही.

शाफ्टवरचं रबर कडक आणि चकचकीत झालं असेल तर ड्रम घसरतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर खरवडा. फुटलं असेल तर त्याच मापाचा रबरी पाइप साबणाच्या पाण्याने सरकवून बसवा.

फ्रेम आणि रंग

वायर ब्रश, धुणं, वाळवणं, एक हात रेड ऑक्साइड, दोन हात एनॅमल. वेल्डिंगच्या कोपऱ्यांत आणि पत्र्याच्या दुमडीत ब्रश दाबून रंग भरा, गंज तिथूनच सुरू होतो. बाकी हौसेचा मामला.

मोटार

पाटीवर काय लिहिलंय ते आता बघा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल तर पुढे चला. अमेरिकेतून आलेली असेल तर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ दिसेल. ट्रान्सफॉर्मर लावून ती फिरते, म्हणून लोक निर्धास्त होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर तीच मोटार सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त करंट ओढून तापते. तासभर चालवायला हे खपून जातं, आठवडाभर नाही. अशी मोटार काढून आपली २३० व्होल्टची, पूर्ण बंद अंगाची मोटार बसवणं शहाणपणाचं. पाच-सहा किलोच्या ड्रमला पाव हॉर्सपॉवर भरपूर. शिलाई मशीनची किंवा मिक्सरची मोटार लावू नका. त्या कार्बन ब्रशवर चालतात आणि सतत फिरण्यासाठी बनवलेल्या नसतात.

मोटार जुनीच ठेवायची असेल तर आधी तिची भोकं तपासा. कुंभारमाशीला मोटारीची जाळी फार आवडते. आत मातीची घरं, पालीची अंडी, कधी मुंग्यांचं वारूळ निघतं. बारीक ब्रशने काढा, पाणी वापरू नका. मग रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊन ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगाओमच्या खाली आलं तर ओल आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात मोटारीजवळ जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब, पुठ्ठ्याला न टेकता, दिवसभर लावून ठेवा आणि पुन्हा तपासा. एलईडीने ऊब मिळत नाही. तरी आकडा वर येत नसेल तर वाइंडिंग नवं बांधून घ्या. काम पाण्याच्या संगतीत चालणार आहे, म्हणून तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ह्यात काटकसर नाही.

पट्टा आणि वेग

व्ही-पट्ट्यावर ‘ए-३६’ असं काही छापलेलं असतं: ए हा जाडीचा प्रकार, ३६ ही इंचातली लांबी. पुसलं गेलं असेल तर दोरीने मोजा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. वाकड्या असतील तर पट्टा कडेने काळी पूड सोडतो. अंगठ्याने मध्यावर दाबल्यावर पट्टा सेंटिमीटरभर खाली गेला पाहिजे. घट्ट ताणलेला पट्टा बुश खातो.

मोटार बदलली की वेग बदलतो, तेव्हा हिशोब करा. मोटार १४४० फेरे, तिची पुली दीड इंच, शाफ्टची पुली नऊ इंच, म्हणजे शाफ्टला २४० फेरे. शाफ्ट रबरासकट एक इंच आणि ड्रम सहा इंच, म्हणजे ड्रमला मिनिटाला ४० फेरे. एवढ्या ड्रमला हे बरोबर आहे. ड्रमचा आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याच्या वर्गमुळाने ४२.३ ला भागा. येणाऱ्या वेगाला दगड भिंतीला चिकटून नुसते फिरतात, घोळत नाहीत. सहा इंची ड्रमला तो १०८ च्या आसपास येतो. आपल्याला त्याच्या एकतृतीयांश ते निम्म्यामध्ये राहायचं आहे. वेग जास्त झाला तर दगड आपटून त्यांना टवके जातात.

चाचणी

यंत्र पाणसळ लावून सपाट ठेवा, नाहीतर ड्रम एका बाजूला सरकत जाऊन फ्रेमला घासतो. लाकडी माळ्यावर ठेवू नका, रात्री सगळं घर गुणगुणेल. पडवीच्या कोपऱ्यात जांभ्याच्या चिऱ्यावर रबराचा तुकडा टाकून ठेवलं तर आवाज बराच दबतो.

पहिला तास ड्रमशिवाय. मग फरशीचे तुकडे आणि पाणी घालून चार तास. त्यानंतर प्लग काढून मोटारीला आणि बुशांना हात लावा: मोटार गरम लागेल, पण हात ठेवता आला पाहिजे, बुश कोमटापलीकडे जाता कामा नये. हे जमलं की घरात कोणीतरी असताना सलग २४ तास.

खरा घाणा लावताना दगड सारख्या कडकपणाचे निवडा. घाटाखालच्या ओढ्यांत बेसॉल्टमधून सुटलेले अकीक आणि जास्परचे खडे सापडतात, ते उत्तम. जांभा विरघळून चिखल होतो, झिओलाइट मऊ असल्यामुळे झिजून जातं. ड्रम दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरा. कमी भरला तर दगड आपटतात. पाणी वरच्या दगडांच्या किंचित खाली, आणि पहिल्या टप्प्याला किलोमागे दोन ते चार मोठे चमचे ग्रिट. पहिल्या दिवशी एकदा थांबवून झाकण उघडा, कारण काही दगडांतून वायू सुटतो आणि दाब साठतो.

लाइट गेली तर? तासा-दोन तासांनी काही होत नाही, पण वीज आल्यावर भरलेला ड्रम मोटारीला उचलला जातो का हे आधीच एकदा बंद-चालू करून बघून ठेवा. नुसती घूंघूं ऐकू आली तर लगेच बंद करा, वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. दोन दिवसांपेक्षा जास्त वीज येणार नाही असं दिसलं की ड्रम रिकामा करा. दगड धुऊन बादलीत पाण्याखाली ठेवता येतात. ग्रिटचा गाळ ड्रममध्ये बसला की पुन्हा दोन-तीन दिवस भिजवत बसावं लागेल.

मे महिन्याच्या शेवटी, घाणा लावायचा नसेल तर, पट्टा उतरवून ठेवा म्हणजे त्याला बाक येणार नाही. ड्रम धुऊन झाकण उघडं ठेवा, शाफ्टवर जाडसर तेलाचा हात द्या आणि मोटार प्लास्टिकच्या कागदात नव्हे तर जुन्या सुती चादरीत गुंडाळून चुलीच्या उबेच्या खोलीत ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधलेली मोटार आतल्या आत घामेजते.